राडारोडा रस्त्यात घालण्यापूर्वी

जुन्या इमारतींचा राडारोडा, रस्त्यावरून खरवडलेले डांबर आणि पोलाद भट्ट्यांचे स्लॅग, म्हणजे मळी, रस्त्याच्या कामात वापरावे का, या विषयावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे देत आहोत. काही पत्रांचा आशय सारखाच होता, ती एकत्र केली आहेत.

प्रश्न: आमच्या वस्तीचा ५०० मीटर रस्ता मंजूर झाला आहे. जवळच्या शहरात जुन्या इमारती पाडण्याचे काम चालू आहे आणि ट्रकवाला राडारोडा फुकट आणून टाकतो म्हणतो. तो खाली अंथरून वर खडी आणि डांबर केले तर चालेल का?
– ग्रामपंचायत सदस्य, मुळशी

उत्तर: ट्रकमधून जसा उतरेल तसा अंथरणार असाल तर नाही. आमची हरकत काँक्रीटला किंवा विटांना नाही, त्यांच्याबरोबर येणाऱ्या मालाला आहे. पाडकामाच्या ट्रकमध्ये माती असते, लाकूड, वायरी, पीओपीच्या छताचे तुकडे असतात आणि दोन-दोन फुटांचे काँक्रीटचे ठोकळेही असतात. मातीचा पहिल्या पावसात चिखल होतो. लाकूड दोन-तीन वर्षांत कुजते आणि तिथे पोकळी राहते. ठोकळ्याच्या कडेने रोलरचा दाब खालपर्यंत पोचत नाही, म्हणून ठोकळा जागच्या जागी राहतो, आजूबाजूचा भाग बसतो आणि वरच्या डांबराला नेमकी तिथेच भेग जाते.

तोच राडारोडा निवडून, क्रशरमधून काढून, चाळून घेतला तर तळाच्या थराला, म्हणजे जीएसबीला, चांगला चालतो. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१७ मध्ये 'आयआरसी १२१' ही मार्गदर्शिका याच कामासाठी काढली आहे. माल जुना की नवा, हा प्रश्नच रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशात नाही. तिथे जीएसबीसाठी चाचण्यांच्या मर्यादा दिल्या आहेत: सीबीआर (दाबलेला माल किती भार पेलतो त्याचे माप) किमान ३० टक्के, इम्पॅक्ट व्हॅल्यू (ठोक्यांनी खडीचा किती चुरा होतो ते) कमाल ४० टक्के, बारीक भागाची द्रवमर्यादा (किती पाण्याला तो पातळ होतो ते) २५ पेक्षा जास्त नको आणि पीआय, म्हणजे सुघट्यता निर्देशांक (त्यात मातीचा चिकटपणा किती ते), ६ पेक्षा जास्त नको. या कसोट्या उतरल्या तर माल घ्या, नाही उतरल्या तर फुकट असला तरी परत पाठवा.

आता हिशेब. रस्ता ५०० मीटर लांब, थर ४ मीटर रुंद आणि दबाईनंतर १५० मिमी जाड धरला तर ३०० घनमीटर होतात. काळ्या दगडाच्या जीएसबीची कोरडी घनता साधारण २.२ टन प्रतिघनमीटर येते, म्हणजे ६६० टन माल लागेल. राडारोड्याच्या खडीची घनता १.९ ते २.०५ च्या दरम्यान असते. १.९५ धरल्यास ५८५ टनांत काम होते. दोन्हींत ५ टक्के वाढ धरा. टनावर भाव ठरवलात तर हा फरक तुमच्या खिशात राहतो, ब्रासवर ठरवलात तर जातो. शिवाय सैल माल ब्रासने मोजताना वाद होतात ते वेगळेच. वजनकाट्याची पावती घ्या.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. आपल्याकडे काळ्या पाषाणाची खाण बहुतेक ठिकाणी फार लांब नसते. क्रशर प्रकल्प तुमच्यापासून खाणीपेक्षा बराच दूर असेल तर वाहतुकीतच सगळी बचत संपते. ज्या शहरात पाडकाम होते त्याच शहरात किंवा त्याच्या वेशीवर ही खडी वापरणे सर्वांत फायद्याचे. मुंबई महापालिकेने दहिसरला आणि शिळफाट्याजवळ डायघरला रोज ६०० टनांचे प्रकल्प उभे केले, त्यामागे हेच गणित आहे: तिथे राडारोडा अमाप आहे आणि खाणी लांब आहेत.

प्रश्न: आमच्या नगरपरिषदेच्या एका रस्त्यावर राडारोड्याच्या खडीचा जीएसबी थर टाकला आहे. रोलरच्या बारा-पंधरा फेऱ्या झाल्या तरी ९८ टक्के घनता मिळत नाही. कंत्राटदार म्हणतो मालच खराब आहे. काय चुकत असेल?
– कनिष्ठ अभियंता, मराठवाडा

उत्तर: मालाला दोष देण्याआधी तुमचे ९८ टक्के कशाचे आहेत ते पाहा. अशा तक्रारींमध्ये बहुतेक वेळा काळ्या दगडाच्या मालाची प्रॉक्टर घनता, म्हणजे प्रयोगशाळेत ठोकून मिळालेली कमाल कोरडी घनता (समजा २.२), लक्ष्य म्हणून धरलेली असते. राडारोड्याच्या खडीची कमाल घनताच १.९५ असेल तर २.२ चे ९८ टक्के, म्हणजे २.१६, कोणताही रोलर देऊ शकणार नाही. उलट फेऱ्या वाढवल्या की विटांचे तुकडे चिरडतात, चुरा वाढतो आणि थराचा निचरा जातो. तुम्ही जो माल अंथरला आहे त्याचीच, त्याच ढिगाची, भारतीय मानक आयएस २७२० भाग ८ प्रमाणे जड दबाईची चाचणी करा.

दुसरे कारण पाणी. या खडीला जुन्या सिमेंटचा लेप चिकटलेला असतो आणि तो सच्छिद्र असतो. काळा दगड साधारण १ ते २ टक्के पाणी शोषतो. काँक्रीटपासून केलेली खडी ३ ते ७ टक्के शोषते आणि विटा मिसळलेली असेल तर त्याहूनही जास्त. त्यामुळे योग्य ओलावा काळ्या दगडाला ६-७ टक्के पुरत असेल तर इथे १० ते १३ टक्के लागतो. टँकरने पाणी मारून लगेच रोलर फिरवला तर ते पाणी दाण्यांच्या आत उतरते, दाण्यांमधला ओलावा संपतो आणि थर कोरडाच दबतो. आदल्या दिवशी ढिगावर पाणी मारून, तो उलटवून, रात्रभर मुरू द्या. पहिल्या प्रश्नातल्या रस्त्याच्या आकड्यांनी पाहा: ढिगात ४ टक्के ओलावा आहे आणि ११ टक्के हवा आहे, तर ५८५ टनांना सुमारे ४१,००० लिटर पाणी लागेल. हे दहा हजार लिटरचे चार टँकर झाले, बाष्पीभवन वेगळे. अंदाजपत्रकात एवढे पाणी धरलेलेच नसते, त्यामुळे साइटवर काटकसर होते. रोलिंगच्या वेळी ओलावा योग्य प्रमाणापेक्षा १ टक्का जास्त ते २ टक्के कमी या पट्ट्यात ठेवा आणि तो भट्टीत सुकवून मोजा. कार्बाइडच्या झटपट मीटरवर एकट्यावर विसंबू नका, कारण दाण्याच्या आत मुरलेले पाणी त्यात पूर्ण धरले जात नाही.

तिसरे, रोलिंगची पद्धत. पहिल्या दोन फेऱ्या कंपनाशिवाय, नंतर चार ते सहा फेऱ्या हलक्या कंपनावर, वेग ताशी ५ किमीच्या आत, खालच्या कडेकडून वरच्या कडेकडे, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर एक तृतीयांश चढवून. मग थर उकरून चाळणी घ्या आणि रोलिंगपूर्वीच्या चाळणीशी ताडून पाहा. ४.७५ मिमीखालचा भाग एकदम वाढलेला दिसला तर विटांचे प्रमाण जास्त आहे किंवा कंपन जास्त आहे. ही दुसरी चाळणी फार कमी लोक घेतात. खरे तर या मालाबद्दल सर्वांत जास्त तीच सांगते.

आणि ढीग वेगळे ठेवा. काँक्रीटच्या इमारतीचा माल करडा दिसतो, वाड्यांचा माल लालसर. रंग बदलला की प्रॉक्टर पुन्हा करा. एकाच आकड्यावर सगळा रस्ता रेटला की दर १००० चौरस मीटरच्या चाचणीत निकाल वर-खाली होतात आणि मग कोणाचाच त्या मालावर विश्वास राहत नाही.

प्रश्न: इम्पॅक्ट चाचणी राडारोड्याच्या खडीवर करताना काही वेगळे करावे लागते का? आणि साउंडनेसचे निकाल फार वाईट येतात, ते खरे मानावेत का?
– स्थापत्य अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर: चाचणी तीच. १२.५ मिमीतून गेलेली आणि १० मिमीवर थांबलेली खडी, १३.५ ते १४ किलोचा हातोडा, ३८० मिमी उंचीवरून १५ ठोके, मग २.३६ मिमी चाळणीतून गेलेला चुरा मूळ वजनाच्या किती टक्के ते मोजायचे. चांगला बेसाल्ट १० ते १५ देतो, काँक्रीटची खडी साधारण २० ते ३०. विटा जास्त असतील तर ४० ची मर्यादाही ओलांडली जाऊ शकते. कोरडा नमुना फसवतो, कारण भाजलेली वीट भिजल्यावर नरम पडते. म्हणून मिश्र मालासाठी आयएस ५६४० प्रमाणे ओल्या नमुन्यावर चाचणी करा. विनिर्देशही तिला मान्यता देतो. चाचणी झाल्यावर चुरा हातात घेऊन पाहा. करडी पूड दिसली तर सिमेंटचा लेप सुटला आहे, लाल दिसली तर वीट फुटली आहे. आकडा एकच असला तरी उपाय वेगळे. पहिल्यात क्रशरची आघाती फेरी वाढवून लेप आधीच काढता येतो. दुसऱ्यात निवड सुधारावी लागते.

पाणी २ टक्क्यांपेक्षा जास्त शोषणाऱ्या खडीची साउंडनेस चाचणी (क्षाराच्या द्रावणात खडी किती झिजते ते पाहणारी) करायला सांगितले आहे. पण त्यातले सोडियम सल्फेट सिमेंटच्या लेपावर रासायनिक हल्ला करते. नैसर्गिक दगडाची झीज मोजण्यासाठी बनवलेली चाचणी इथे भलतेच काहीतरी मोजते. निकाल वाईट आला म्हणून माल लगेच टाकू नका, ओली इम्पॅक्ट व्हॅल्यू आणि भिजवलेला सीबीआर यांवर निर्णय घ्या आणि तसे अहवालात लिहा.

प्रश्न: आमच्या सोसायटीचा पुनर्विकास होतो आहे. राडारोडा नीट वापरला जावा अशी सभासदांची इच्छा आहे. पाडकामाच्या करारात काय लिहून घ्यावे?
– सोसायटीचे सचिव, ठाणे

उत्तर: हा प्रश्न विचारल्याबद्दल तुमचे मनापासून कौतुक, कारण खडी चांगली निघणार की नाही हे क्रशरवर नव्हे, तुमच्या इमारतीतच ठरते. करारात पाडकामाचा क्रम लिहून घ्या. आधी दारे, खिडक्या, वायरिंग, नळ, कपाटे. मग पीओपी आणि जिप्सम बोर्डाची छते आणि पार्टिशन्स. ती वेगळ्या गोणीत भरून वेगळ्या गाडीने जाऊ द्या. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. सिमेंट घातलेल्या थरात ते आले तर सिमेंटशी संयोग होऊन फुगणारे स्फटिक तयार होतात आणि थर उचलला जातो. खडीच्या मालात लाकूड, प्लास्टिक, काच, पीओपी सगळे मिळून वजनाने १ टक्क्याच्या आत असावे, असा आमचा आग्रह असतो. त्यानंतर भिंतींची विटबांधणी, शेवटी कॉलम, बीम आणि स्लॅब. काँक्रीट आणि वीट एकमेकांत मिसळू न देता वेगळ्या ढिगात ठेवली तर काँक्रीटच्या खडीला चांगली मागणी असते. आयएस ३८३ या काँक्रीटच्या खडीच्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीने ती काँक्रीटमध्येही मर्यादित प्रमाणात मान्य केली आहे: साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम-२५ पर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत.

गच्चीवर किंवा शेडवर जुने सिमेंटचे पन्हाळी पत्रे असतील तर विशेष सांभाळा. त्यांत ॲस्बेस्टॉस असते. ते ओले करून, न फोडता, अखंड उतरवा आणि गुंडाळून धोकादायक कचऱ्याच्या अधिकृत व्यवस्थेकडेच द्या. एक पत्रा क्रशरमध्ये गेला तरी त्याची धूळ तिथे काम करणाऱ्यांच्या फुप्फुसात जाते.

बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार दिवसाला २० टन किंवा प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून जास्त राडारोडा निघत असेल तर तो वेगवेगळा करणे आणि पाडकामाआधी नियोजन सादर करणे बंधनकारक ठरले. मध्यम आकाराची इमारत हा आकडा सहज ओलांडते. २०२५ मध्ये अधिसूचित झालेले नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू आहेत, तेव्हा करार त्यांच्याशी ताडून घ्या.

प्रश्न: जालन्यात भट्ट्यांचे स्लॅग भरपूर मिळते. सुरतेला स्लॅगचा रस्ता झाला असे वाचले. आम्हीही जीएसबीत घालावे का?
– कंत्राटदार, जालना

उत्तर: सुरतेचा रस्ता खरा आहे. हजिरा इथे सहा पदरी, सुमारे १.२ किमीचा तो रस्ता २०२२ मध्ये खुला झाला आणि केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने त्याचे तंत्र दिले. पण तिथले स्लॅग एका मोठ्या पोलाद कारखान्याचे आणि त्यावर प्रक्रिया केलेले होते. पोलादाच्या स्लॅगमध्ये मोकळा चुना असतो. पाणी लागले की तो फुगतो आणि वरचा रस्ता फुगवट्याने फाटतो, म्हणून ते महिनोन्महिने उघड्यावर पाणी मारून किंवा वाफेने मुरवावे लागते. फुगवट्याचे प्रमाण आकारमानाने २ टक्क्यांच्या आत हवे. जालन्याच्या इंडक्शन भट्ट्यांचे (विजेवर भंगार वितळवणाऱ्या) अस्तर बहुधा सिलिकायुक्त असते, त्यामुळे तिथल्या स्लॅगमध्ये चुना कमी आणि सिलिका जास्त असते. म्हणून ते निर्धोक, असे मात्र समजू नका. भंगाराप्रमाणे रचना बदलते आणि त्यात लोखंडाचे गोळे राहतात. चुंबकाने लोखंड काढा, फुगवट्याची चाचणी करा आणि जड धातू झिरपतात का तेही मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या. विहिरींच्या आसपास ही शेवटची चाचणी टाळून चालणार नाही.

प्रश्न: दरवेळी जुन्या डांबरावर नवे डांबर चढवतात आणि दुकानांचे उंबरे रस्त्याखाली जातात. खरवडून काढलेले डांबर पुन्हा वापरता येत नाही का?
– व्यापारी, कोल्हापूर

उत्तर: येते, आणि शहरातल्या रस्त्यांना तर तोच शहाणपणाचा मार्ग आहे. आधी मिलिंग यंत्राने ४०-५० मिमी खरवडायचे, मग तेवढाच थर घालायचा, म्हणजे उंची वाढत नाही आणि पावसाचे पाणी दुकानात शिरत नाही. खरवडलेल्या मालात खडी तर उत्तम असतेच, जुने डांबरही असते, फक्त ते कडक झालेले असते. हॉट मिक्स प्लांटमध्ये तो नव्या खडीबरोबर मिसळता येतो. 'आयआरसी १२०' ही मार्गदर्शिका त्यासाठीच आहे. काम बिघडते ते दोन ठिकाणी. माल उघड्यावर ठेवला की ओला होतो आणि प्लांटची निम्मी उष्णता पाणी उडवण्यात जाते, म्हणून छप्पर हवे आणि ढीग तीन मीटरपेक्षा उंच नको, नाहीतर खालचा माल गोळा होऊन बसतो. दुसरे, तो थेट ज्वाळेवर धरला की जुने डांबर जळते आणि धूर निघतो. नवी खडी जास्त तापवून तिच्या उष्णतेनेच जुना माल तापवायचा असतो. जीएसबीत एकटा वापरू नका, उन्हात तो हळूहळू दबत राहतो. नव्या खडीत मिसळून घाला.

प्रश्न: राडारोड्याची खडी थेट डांबरी थरात का नको? आणि प्लास्टिकचे रस्ते याच प्रकारात येतात का?
– शिक्षक, रत्नागिरी

उत्तर: डांबरी थरातल्या खडीने २ टक्क्यांहून जास्त पाणी शोषू नये अशी अट आहे. ही खडी पाणी शोषते तसे डांबरही पिते, म्हणजे महागडे डांबर दाण्यात मुरते आणि चिकटायला कमी उरते. शिवाय कोकणातल्या पावसात जुन्या सिमेंटचा लेप सुटला की त्याच्याबरोबर डांबरही सुटते.

प्लास्टिकचा प्रकार वेगळा. ते खडीची जागा घेत नाही, खडीला लेप देते. मदुराईच्या प्रा. राजगोपालन वासुदेवन यांच्या पद्धतीत तापलेल्या खडीवर प्लास्टिकचे बारीक तुकडे टाकतात, ते वितळून चिकटतात आणि मग डांबर घालतात. प्रमाण डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के. ३.७५ मीटर रुंद, २५ मिमी जाड थराच्या एक किमीला सुमारे २२० टन मिश्रण, त्यात १२ टनांच्या आसपास डांबर, म्हणजे प्लास्टिक जेमतेम एक टन. पीव्हीसी मात्र एक तुकडाही नको, तापल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघते.

प्रश्न: काळ्या मातीवर राडारोड्याची खडी घालायची असेल तर सिमेंट मिसळावे का? आमच्या एका कामात नाल्याच्या तोंडाशी पांढरा खर जमला आहे, तो कशाचा?
– कंत्राटदार, लातूर

उत्तर: काळ्या मातीवर सर्वांत मोठा धोका खालून येणारी माती. ओली झाली की ती वाहनांच्या दाबाने जीएसबीच्या फटींत घुसते. म्हणून मध्ये न फुगणाऱ्या मुरमाचा थर द्या आणि जीएसबी साइडपट्टीच्या पूर्ण रुंदीत बाहेरपर्यंत न्या, मध्येच थांबवली तर पाण्याला बाहेर पडायला वाटच राहत नाही.

सिमेंट मिसळणे चांगले, पण ते नेमके कोणत्या थरासाठी हे ठरवा. डांबरी रस्त्यांच्या रचनेच्या 'आयआरसी ३७' या मार्गदर्शिकेच्या २०१८ च्या आवृत्तीप्रमाणे खडीच्या सिमेंटयुक्त सब-बेसला (तळाच्या थराला) सात दिवसांची ताकद १.५ ते ३ एमपीए (मेगापास्कल) पुरते, बेसला (त्याच्या वरच्या थराला) ४.५ ते ७ लागते. सिमेंटच्या ३, ४ आणि ५ टक्क्यांवर ठोकळे करून पाहा, आवश्यक ताकद देणारे सर्वांत कमी प्रमाण घ्या. जास्त सिमेंट म्हणजे जास्त आकुंचन आणि जास्त भेगा. मिसळल्यापासून दोन तासांत दबाई पूर्ण करा, सात दिवस ओले ठेवा आणि सिमेंटयुक्त बेसवर थेट डांबर घालू नका, मध्ये १०० मिमीचा खडीचा थर घाला, म्हणजे खालची भेग वर येणार नाही. पीओपी असलेला माल इथे सर्वथा वर्ज्य.

पांढरा खर बहुधा कॅल्शियम कार्बोनेटचा असेल. जुन्या सिमेंटमधला चुना पाण्यात विरघळतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून बाहेर साचतो. चिमूटभर खरावर लिंबू पिळून पाहा, फसफसला तर तोच. तो भूवस्त्राची (माती अडवून पाणी जाऊ देणाऱ्या कापडाची) छिद्रे आणि नळीची भोके बंद करतो, म्हणून या खडीच्या थेट संपर्कात बारीक छिद्रांचे कापड लावू नका. माल आणतानाच धुतलेला किंवा बारीक चुरा चाळून काढलेला घेतला तर खर पुष्कळ कमी होतो. या थरातून झिरपणारे पाणी सुरुवातीला बरेच अल्कधर्मी असते, तेव्हा त्याच्या वाटेत जस्ताचा मुलामा दिलेले पाइप ठेवू नका आणि निचरा कोणाच्या विहिरीकडे वळवू नका.